गॅलरीत बांधलेला जीव



गेल्या रविवारी मंदिरातून निघताना, पायरीवर चपला घालता घालता एका ताईंनी विचारलं, "आमचं कुत्रं घरात एकटं राहिलं की दार कुरतडतं, सोफा फाडतं, रडून रडून मजला डोक्यावर घेतं. काय करावं हो?" आम्ही सात-आठजणी होतो. एक म्हणाली, गॅलरीत बांधून ठेवा. दुसरी म्हणाली, एकदा चांगला चोप द्या, पुन्हा नाव काढणार नाही. तिसरी म्हणाली, पांजरपोळात देऊन टाका आणि वर जीवदयेला हजार-दोन हजार द्या, पुण्यच लागेल. चौथीनं तर सगळ्यांवर कडी केली: मुळात मांसाहारी प्राणी श्राविकेनं घरात घ्यावाच कशाला?

पाचच मिनिटांपूर्वी आम्ही सगळ्याजणी आत हात जोडून सर्व जीवांविषयी मैत्रीभाव मागून आलो होतो.

मी तेव्हा गप्प बसले. लाजेनं बसले, कारण त्या चारांतले पहिले दोन सल्ले मी स्वतः अमलात आणलेले आहेत. पण घरी आल्यापासून मनातून जात नाही. ही चार उत्तरं आपल्या घराघरांत तयार असतात आणि चारही आपल्याच व्रतांच्या विरुद्ध आहेत. म्हणून आज जरा कडक लिहिणार आहे. राग आला तर येऊ दे.

आमचा बंड्या २०२० च्या पावसाळ्यात आला. भारतमाता सिनेमाच्या मागच्या बाजूला मुलाला सापडला. गावठी जात, एक कान पडलेला, अंगावर गोचिडी. तेव्हा आम्ही लालबागच्या चाळीतच होतो. चाळीत कुत्रं एकटं कधी पडतं का? दारं सकाळी उघडायची ती रात्री झोपतानाच लागायची. लॉकडाऊनमुळे सगळे घरी. शिवाय सासूबाई होत्या, त्या तर कुठं जातच नव्हत्या. बंड्या त्यांच्या पाटाशेजारी बसून त्यांची पूजा ऐकायचा. म्हणजे ऐकायचा की झोपायचा देव जाणे, पण उठायचा मात्र त्या उठल्या की.

मग चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही परळला सतराव्या मजल्यावर भाड्यानं आलो. मुलाचं ऑफिस सुरू झालं, मुलगी कॉलेजला, माझे दादरचे शिकवणीचे वर्ग पुन्हा भरू लागले. आणि त्याच वर्षी सासूबाई गेल्या. जन्मभर उघड्या दाराच्या घरात वाढलेलं ते जनावर एकदम बंद दाराच्या आत, एकटं. आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही की त्याचंही काही गेलंय.

आधी दाराची चौकट खाल्ली. मग पडदे. मग उंबऱ्याजवळची फरशी उकरायला लागला. शेजारच्या फ्लॅटमधून चिठ्ठी आली. आणि एक दिवस मी घरी आले तर सासूबाईंचं पूजेचं जुनं पुस्तक फाटून खोलीभर पसरलं होतं. जिनवाणीचे तुकडे, त्यांवर लाळ. माझ्या हाताला स्वयंपाकघरातलं लाटणं लागलं. मी ते मारलं. एकदा नाही.

त्यानंतर चार महिने तो गॅलरीत, चार फुटांच्या साखळीला. मी घरातून निघताना बांधायची, आले की सोडायची. घर शाबूत राहिलं. मला वाटलं, जमलं.

आता दशलक्षण पर्वाचं सांगते. तुम्हाला माहीतच आहे, पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो, दहा दिवसांत दहा. सातव्या दिवशी सातवा, म्हणजे व्रतांचा. मी तो लग्नाच्या आधीपासून ऐकत आले आहे. त्या वर्षी पंडितजी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार समजावत होते. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, अन्नपाणी रोखणं. पहिला अतिचार, बांधणं! त्याच्या पाठोपाठ मारणं. मी सतरंजीवर बसले होते, उपवास होता, हातात माळ होती, आणि माझ्या घरी गॅलरीत एक पंचेंद्रिय जीव साखळीला होता.

तुम्ही म्हणाल, लगेच घरी पळाले असेन. नाही. मनात म्हटलं, हे बैल-घोड्यांविषयी असणार, आपण काही छळासाठी बांधत नाही. माणूस स्वतःला फार पटकन माफ करतो. पर्व संपलं अनंत चतुर्दशीला. त्या दिवशी लालबाग-परळमध्ये काय असतं ते मी सांगायला नको. सकाळपासून ढोल, ताशे, फटाके, आवाज सतराव्या मजल्यापर्यंत. आम्ही अभिषेकाला गेलेलो, गर्दीतून परत यायला रात्र झाली. गॅलरीत फरशीवर रक्त होतं. सुटण्यासाठी धडपडून त्यानं पुढच्या पायांची दोन नखं उपटली होती, गळ्याभोवती पट्ट्यानं सालटं गेलं होतं. मला पाहून तो शेपटी हलवत नव्हता. थरथरत होता.

दोन दिवसांनी क्षमावाणी. ओळखीच्या सगळ्यांना मी हात जोडलेल्या चित्राचा मेसेज पाठवला होता, सर्व जीवांची क्षमा मागणारा. ज्याची मागायची तो टेबलाखाली पट्टी बांधून बसला होता.

म्हणून "बांधून ठेवा" म्हणणाऱ्या ताईंना मी विचारते, आपला ग्रंथ ज्याला पहिलाच दोष म्हणतो, तो तुम्ही उपाय म्हणून कसा सांगता? धर्म राहू द्या बाजूला, सरकारचा कायदासुद्धा आपल्यापुढे गेला. १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमात अवास्तव आखूड साखळीनं फार वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला हिंडवायला न नेणं आणि पाळलेला प्राणी कारण नसताना सोडून देणं, तिन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर पन्नास रुपयांपर्यंत. पन्नास रुपयांच्या भीतीनं कोणी सुधारत नाही हे खरं. पण आपण तर कर्मबंध मानणाऱ्या बाया ना?

मारण्याचं तर आणखी वेगळं. "त्याला कळतं हो, बघा कसा कान पाडून अपराध्यासारखा बसतो," असं आपण म्हणतो. मीही म्हणायची. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकेतल्या संशोधिकेनं २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकानं खाऊला तोंड लावू नको म्हणून बजावून बाहेर जायचं. मग त्याला कधी खरं, कधी खोटं सांगायचं की कुत्र्यानं खाऊ खाल्ला. दिसलं असं, की तो अपराधी चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नव्हताच, मालक रागावला की तो यायचा. काहीही न केलेली कुत्री तर रागावल्यावर जास्तच अपराधी दिसली. म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप म्हणतो ती भीती असते. सकाळी अकराला फाडलेल्या पडद्यासाठी दुपारी दोनला मार बसला तर त्याला पडदा आठवत नाही. त्याला एवढंच कळतं की ही बाई जाते तेव्हाही भय आणि येते तेव्हाही भय.

आणि ते पुस्तक. त्यानं इतक्या वस्तूंतून तेच का काढलं? त्याला सासूबाईंच्या हातांचा वास होता. घाबरलेलं कुत्रं आपल्या माणसाचा वास असलेली वस्तू शोधतं, चपला, ओढणी, उशी. हे मला खूप उशिरा कळलं. आमच्या घरात त्यांना शोधणारा तो एकटाच उरला होता आणि त्याबद्दल मी त्याला लाटण्यानं मारलं.

आपल्याकडे जीवंधरकुमाराची कथा आहे, क्षत्रचूडामणीत. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली. एका कुत्र्याला लोकांनी मरेस्तोवर मारलेलं असतं आणि जीवंधर त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणतो. तो कुत्रा मरून यक्ष होतो आणि पुढे त्याच्या उपयोगी पडतो. कथा सांगताना आपण मंत्राचा महिमा सांगतो आणि पुढं जातो. पण त्या कुत्र्याला मारलं कशासाठी होतं? त्यानं यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून. पवित्र वस्तू विटाळली म्हणून. मैत्रिणींनो, त्या कथेत मी जीवंधर नव्हते. मी त्या मारणाऱ्या लोकांतली होते.

पांजरपोळाचं ऐका. जून १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारच्या हुकमानं भटकी कुत्री मारायला शिपाई सुटले, कुत्र्यामागे बक्षीस मिळत होतं. त्याविरुद्ध कोटात दंगल झाली. पुढाकार पारशांचा, पण हिंदू आणि जैनही उतरले, बाजार बंद पडले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीशहा यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ उभं राहिलं. आज आपण तिथं गाईंना चारा घालायला जातो, पण सुरुवात झाली ती मारल्या जाणाऱ्या कुत्र्या-डुकरांना वाचवण्यासाठी. ज्याला कुणीच नाही अशा जीवासाठी ती जागा आहे. ज्याला घर आहे, माणसं आहेत आणि ज्याचा रोगच हा की माणूस दिसेनासं झालं की जीव घाबरा होतो, त्याला अनोळखी आवारात नेऊन सोडायचं आणि पावती फाडायची, याला जीवदया म्हणणं म्हणजे मोतीशहांच्या नावाला बट्टा आहे. संस्थेचा यात दोष नाही, आपलं ओझं तिच्या दारात टाकणाऱ्यांचा आहे.

चौथ्या ताईंचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. हिंसक प्राणी पोसण्याला आपल्या श्रावकाचारांनी दोष म्हटलेलं आहे. घरात कुत्रं आणावं की नाही याचा विचार त्या दृष्टीनं जरूर करा, आणण्याच्या आधी करा. ज्यांना दिवसाचे दहा तास घर बंद ठेवावं लागतं त्यांनी तर आणूच नये, हे मी कुणालाही तोंडावर सांगते. पण चार वर्षं मांडीवर घेतल्यानंतर, सोफा फाटला त्या दिवशीच तुम्हाला श्रावकाचार आठवत असेल, तर तो धर्म नाही, सोफ्याचा मोह आहे. त्याचं नाव परिग्रह.

आता काय करायचं ते. मी डॉक्टर नाही, परळच्या एका पशुवैद्यांनी सांगितलेलं आणि आम्ही दीड वर्ष केलेलं सांगते.

आधी बघा की ही भीतीच आहे का. कुत्र्याचं पिल्लू दात येताना चावतंच, रिकामं बसलेलं कुत्रं कंटाळून चावतं, लघवीचा संसर्ग असेल तर घरात करतं. भीतीची खूण वेगळी. घर सोडताना जुना मोबाईल कपाटावर ठेवून चित्रण चालू करा. मी ते केलं आणि बघताना मला बसवेना. दार लागल्यावर चौथ्या मिनिटाला धापा, मग येरझाऱ्या, मग दाराशी उकरणं, मग तोंड वर करून रडणं. वाटीतल्या खाण्याला स्पर्शही नाही. सहसा पहिल्या अर्ध्या तासातच हे सुरू होतं आणि मोडतोड दार-खिडकीपाशी जास्त असते, म्हणजे जिथून तुम्ही गेलात तिथं. ही मस्ती नव्हे. आपण पाठ करतो ना, आहार, भय, मैथुन, परिग्रह या चार संज्ञा सगळ्या संसारी जीवांना असतात? ही त्यातली भयसंज्ञा, उघड्या डोळ्यांना दिसणारी.

मग शिकवणं. याचं तत्त्व एवढंच, की त्याला घाबरू न देता एकटेपण थोडं थोडं वाढवायचं. आम्ही सुरुवात किल्ल्यांपासून केली. किल्ल्यांचा आवाज, चपला, खांद्यावर पर्स, यानंच त्याची छाती धडधडायला लागायची. म्हणून दिवसातून वीस वेळा किल्ल्या उचलायच्या आणि तांदूळ निवडत बसायचं. पर्स घेऊन स्वयंपाक करायचा. मुलगी हसायची. दहा-बारा दिवसांनी किल्ल्या वाजल्या तरी त्यानं मान वर केली नाही.

नंतर दार. बाहेर जायचं, पाच सेकंदांत परत. दहा सेकंद. पुन्हा पाच. वेळ सारखी चढती ठेवायची नाही, मध्ये मध्ये सोपी करायची, आणि तो अस्वस्थ झालेला दिसला की समजायचं आपण घाई केली, मागे यायचं. मी बाहेर जिन्यात बसून माळ ओढायची. शेजारणीला वाटलं सुनेनं हाकललं म्हणून बसले आहे. मला सून नाही अजून. एका सामायिकाएवढा वेळ, ४८ मिनिटं, गाठायला आम्हाला अडीच महिने लागले. त्यानंतर मात्र भराभर वाढला.

सगळ्यात कठीण भाग वेगळाच आहे. हे चालू असेपर्यंत त्याला झेपतं त्याहून जास्त एकटं सोडायचंच नाही. सोडलं की दहा दिवसांची मेहनत एका दुपारी जाते. नोकरी-धंद्याच्या घरात हे कसं जमायचं? मी वर्गांच्या वेळा बदलल्या, यांनी आठवड्यातून दोन दिवस दुपार घरी काढली, खालच्या मजल्यावरच्या आजी तासभर येऊन बसायच्या. आणि इथं मला आपल्या मंडळाशी भांडायचं आहे. आपण पारणं, वर्धापन, सहल, हळदीकुंकू यांना चाळीसजणी जमतो. पण एका बाईचं कुत्रं दुपारी दोन तास सांभाळायला कुणी म्हटलं तर? आहार, औषध, शास्त्र आणि अभय, चार दानं सांगितली आहेत. पहिल्या तिघांच्या पावत्या निघतात, अभयदानाची निघत नाही. म्हणून ते कुणाला आठवत नाही की काय, अशी शंका येते.

पिंजऱ्यात ठेवण्याचा सल्लाही पुष्कळजण देतात. घाबरलेलं कुत्रं पिंजऱ्यात दात आणि नखं मोडून घेतं. साखळीचं जे झालं तेच. सकाळी चांगलं फिरवणं, हुंगू देणं, हे करा. रबरी पोकळ खेळण्यात घट्ट दहीभात भरून द्या, चाटत राहतो. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो ते इथं फारच बरं, दोन्ही कुत्र्यांना विषारी असतात. मनुका, बेदाणे, द्राक्षं आणि चॉकलेट मात्र घरात असतात, ती त्याच्यापासून दूर. पर्वाच्या प्रसादातला सुकामेवा मुलं लाडानं भरवतात, लक्ष ठेवा. पण खाऊवर फार भिस्त नको, भीती चढली की तो खातच नाही.

औषधांचंही सांगते, कारण त्यावर आमच्या घरातच वाद झाला. कुत्र्याला मनाची गोळी म्हणजे थेर, असं माझी नणंद म्हणाली. क्लोमिप्रामिन आणि फ्लुऑक्सेटिन ही औषधं कुत्र्यांच्या या विकारासाठी पशुवैद्य देतात. ती गुंगीची नाहीत, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि शिकवण्याच्या जोडीनंच उपयोगी पडतात. माणसांच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका आणि मनानं बंदही करू नका. बंड्याला आठ महिने दिली. मन नसतं तर भय कुठं बसलं असतं, हे मी नणंदेला विचारलं. कुत्रा संज्ञी जीव आहे, मन असलेला, हे तर आपणच शिकतो. त्यावर ती काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी येताना बंड्यासाठी पनीर घेऊन आली.

सोसायटीवाले कुत्रं काढा म्हणून नोटीस देतील. घाबरू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये स्पष्ट केलंय की ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. तरीही शेजाऱ्यांकडे जाऊन काय चाललंय ते सांगा. ज्यांनी आम्हाला चिठ्ठी लिहिली होती तेच आता फोन करून कळवतात की आज तो रडला नाही.

बंड्या पूर्ण बरा नाही. साडेतीन तास राहतो, त्यापुढं नाही. गणपतीत अजिबात नाही. ते दहा दिवस आमच्यातलं एकजण मंदिरात जात नाही, घरी त्याच्याजवळ बसून पूजा म्हणतं. मागच्या वर्षी सातव्या अध्यायाच्या दिवशी माझी पाळी होती. पंडितजींचं व्याख्यान हुकलं. सासूबाईंच्या पुस्तकाची वाचलेली पानं मी चिकटवून घेतली आहेत, त्यातूनच म्हटलं. तो पाटाशेजारी झोपला होता.

पायरीवर विचारणाऱ्या ताई, हे तुमच्यासाठी लिहिलंय. साखळी आणली असेल तर अजून परत करता येईल. बुधवारी चारनंतर मी घरी असते. तुमच्या कुत्र्याला घेऊन या. बंड्या दारात भुंकेल, लक्ष देऊ नका, आत आलात की ठीक होतो.